लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी सरावाची उमेद कशी उभी करायची आणि टिकवायची

शर्यतीची नोंदणी करताना हुरूप आपोआप येतो. अडचण त्यानंतर सुरू होते. पूर्ण मॅरेथॉनचा सराव साधारण १६ ते २० आठवडे चालतो. आठवड्याला ४ धावा धरल्या तरी ६४ ते ८० वेळा शूज घालून घराबाहेर पडावं लागतं. पहिल्या १२-१५ धावा उत्साहाच्या भरात होऊन जातात. त्यानंतरच्या धावांच्या वेळी शर्यत अजून दूर असते, नवलाई ओसरलेली असते आणि पायांत थकवा साचू लागलेला असतो. खरी उमेद लागते ती या मधल्या आठवड्यांत. ती उभी राहायला तीन गोष्टी लागतात: स्वतःला मनापासून पटलेलं कारण, वाईट दिवशीही निभावेल अशी दिनक्रमाची बांधणी आणि शरीराला झेपेल असा सराव. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे प्रेरणेच्या नजरेतून सहसा कुणी बघत नाही. पण "हल्ली धावायला मनच होत नाही" म्हणणाऱ्यांच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या, तर बऱ्याचदा चूक आळसाची नसते, सरावाच्या आखणीची असते. म्हणून पुढे त्या भागाला जास्त जागा दिली आहे.

कारण कागदावर उतरवा

अर्धा तास शांत वेळ काढा. कागदावर लिहा: "ही शर्यत मला का धावायची आहे?" सुचेल ते उत्तर लिहा. मग त्या उत्तरालाच "हे मला का हवंय?" असा प्रश्न विचारा. असं चार-पाच वेळा करा. पहिलं उत्तर बहुतेकांचं सारखंच असतं: "फिट व्हायचंय." दुसरं, "जिने चढताना दम लागतो." तिसऱ्या-चौथ्यापर्यंत काहीतरी नेमकं बाहेर येतं: "गेली काही वर्षं मी सगळ्यांसाठी वेळ काढतोय आणि स्वतःच्या शरीराकडे बघायचंच राहून गेलंय" किंवा "मी एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेऊ शकते का, हे मला स्वतःला पाहायचंय." वाचताना थोडं अस्वस्थ करणारं वाक्य बहुधा कामाचं असतं.

ते वाक्य तीन कसोट्यांवर तपासा. ही शर्यत धावल्याचं कुणालाच कळणार नसेल, फोटो नाही, पदक नाही, तरी धावाल का? शर्यतीच्या दिवशी ऊन तापलं आणि शर्यत संपवायला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला, तरी हे कारण शाबूत राहील का? आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी, गजर वाजल्यावर, त्या वाक्यामुळे पाय जमिनीवर टेकेल का? तिन्हींना "हो" आलं तर उत्तमच. फक्त पहिल्या कसोटीवर अडत असेल तरी हरकत नाही. कौतुक हवंसं वाटणं स्वाभाविक आहे, मात्र तेवढ्या एका कारणावर चार महिने निघत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतात माणसाच्या आतल्या ओढीला तीन गोष्टींचं खतपाणी लागतं असं मांडलं आहे: निर्णय माझा आहे ही भावना, मला हे जमतंय ही जाणीव आणि आपल्या माणसांशी जोडलेपण. सरावाच्या कोणत्याही आठवड्याला हे तीन प्रश्न विचारता येतात. या आठवड्यात मी स्वतः ठरवलेली एक तरी धाव होती का? मला प्रगती दिसेल असं काही घडलं का? एक तरी धाव कुणाच्या सोबतीने झाली का? तिन्ही उत्तरं नकारार्थी आली तर उमेद आटणारच.

काही कारणं वरून भक्कम दिसतात पण लवकर ढासळतात. वजन कमी करणं हे त्यातलं सर्वांत सर्रास आढळणारं. लांब पल्ल्याच्या सरावात भूक वाढते. शिवाय स्नायू ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा वाढवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. त्यामुळे पहिल्या महिना-दीड महिन्यात काटा हलत नाही, कधी वरही जातो. सराव अगदी योग्य चाललेला असतो आणि धावणारा मात्र निराश होतो. वजनाचं उद्दिष्ट असेलच तर त्यासाठी शर्यतीच्या सरावाबाहेरचा काळ निवडा. सरावाच्या दिवसांत मोजायला दुसरं काहीतरी घ्या, ते पुढे येईलच. "मित्राने नोंदणी केली म्हणून मीही केली" हे कारणही असंच. सुरुवातीला चालतं, पण मित्राला दुखापत झाली की आपलाही सराव बंद पडतो. अशा वेळी पुन्हा कागदाकडे जा आणि स्वतःचं कारण शोधा.

शेवटी एकच वाक्य ठेवा आणि शूज जिथे ठेवता तिथे चिकटवा. दर महिन्याला ते नव्याने वाचा. बदलावंसं वाटलं तर बेलाशक बदला.

शर्यत आणि उद्दिष्ट निवडताना

शर्यत थोडी धास्ती वाटेल इतकी अवघड असावी, पण मनातून अशक्य वाटणारी नसावी. सलग ३० मिनिटं धावता येत नसेल तर चार महिन्यांवरची पूर्ण मॅरेथॉन घेऊ नका. अशा वेळी हुरूप कायम पिछाडीवर असल्याच्या भावनेखाली दबून जातो. ढोबळ अंदाज असा: थोडाफार धावणाऱ्याला १० किलोमीटरसाठी ८ ते १० आठवडे, हाफ मॅरेथॉनसाठी १२ ते १४, आणि पूर्ण मॅरेथॉनसाठी १६ ते २०. पूर्ण मॅरेथॉनसाठी आठवड्याला २५-३० किलोमीटरचा पाया आधीच हवा. नोंदणी कधी करावी? सलग तीन-चार आठवडे नियमित धावून झाल्यावर. पैसे भरले की सराव आपोआप होईल, या आशेवर केलेली नोंदणी सहसा वाया जाते.

कट-ऑफ वेळ, म्हणजे शर्यत संपवायला दिलेली कमाल वेळ, आधी बघा. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. कट-ऑफ ६ तासांचा असेल तर सरासरी पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) किलोमीटरला ८ मिनिटं ३२ सेकंदांच्या आत ठेवावा लागतो, आणि त्यात पाण्यासाठी थांबणं व स्वच्छतागृहाची रांगही आली. हा आकडा नोंदणीआधी माहीत असला की सरावभर मनात घोळणारी एक भीती कमी होते.

उद्दिष्टाबद्दल एक धोका आवर्जून सांगायला हवा. माणसांना गोल आकडे आवडतात: ४ तास, ५ तास. अर्थशास्त्रज्ञांनी जवळपास १ कोटी मॅरेथॉन निकालांचा अभ्यास केला तेव्हा गोल वेळेच्या किंचित आत संपवणाऱ्यांची गर्दी आणि त्यानंतर लगेच विरळपणा असं स्पष्ट चित्र दिसलं. म्हणजे आकडा माणसाला खेचतो हे खरं. पण तो एकच आकडा धरला तर ३० व्या किलोमीटरला तो हातचा गेला की पुढचे १२ किलोमीटर धावायला काही कारणच उरत नाही. म्हणून तीन पायऱ्यांची उद्दिष्टं ठेवा. पहिली, हवामान, तब्येत, रस्ता सगळं जुळून आलं तर गाठायची वेळ. दुसरी, साधारण दिवशी पदरात पडेल अशी वेळ. तिसरी, काहीही बिघडलं तरी जपता येईल अशी गोष्ट, उदाहरणार्थ "पहिले २५ किलोमीटर घाई न करता धावणं" किंवा "शेवटचा किलोमीटर न चालता पूर्ण करणं". ४ तासांसाठी किलोमीटरला ५:४१ आणि ५ तासांसाठी ७:०६ चा पेस लागतो. हे आकडे पाठ करून ठेवा, म्हणजे शर्यतीत थकल्या डोक्याने हिशेब करावा लागणार नाही.

सरावाच्या काळात मात्र वेळेचं उद्दिष्ट बाजूला ठेवून कृतीचं उद्दिष्ट घ्या: "या आठवड्यात चारपैकी किमान तीन धावा." हे पूर्णपणे तुमच्या हातात असतं आणि दर सात दिवसांनी "झालं" अशी खूण करता येते.

वाईट दिवसासाठीची बांधणी

"उद्या सकाळी धावेन" हा इरादा कच्चा आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली "जर-तर" योजना जास्त टिकते: कधी, कुठे आणि काय, हे आधीच जोडून ठेवायचं. "मंगळवारी सकाळी ५:४५ ला दात घासून झाले की शूज घालून फाटकाबाहेर पडेन." त्यापुढचं पाऊल म्हणजे अडथळाही आधीच लिहून ठेवणं. गाब्रिएल ओएटिंगेन यांचं संशोधन हेच दाखवतं की नुसतं यशाचं चित्र रंगवून माणूस सुस्तावतो. यशाचं चित्र आणि आपल्या आतला अडथळा शेजारी शेजारी ठेवले की कृती घडते. तेव्हा आपले नेहमीचे तीन अडथळे लिहा आणि प्रत्येकासमोर उत्तर लिहा:

जर ऑफिसातून निघायला सातच्या पुढे वाजले, तर ठरलेल्या ८ किलोमीटरऐवजी घराजवळ २० मिनिटं.
जर मुसळधार पाऊस असेल, तर घरातच २५ मिनिटं ताकदीचे व्यायाम आणि धाव दुसऱ्या दिवशी.
जर रात्री झोप ५ तासांपेक्षा कमी झाली, तर वेगाचा सराव रद्द, फक्त सावकाश धाव किंवा विश्रांती.

प्रत्येक धावेची एक छोटी आवृत्ती ठरलेलीच असावी, बहुतेकांसाठी २० मिनिटं. छोटी धाव तंदुरुस्तीत फारशी भर घालत नसेलही, पण "मी धावणारा माणूस आहे" ही ओळख शाबूत ठेवते, आणि दोन-तीन वाईट आठवड्यांनंतर सराव पुन्हा जोमाने सुरू होतो तो याच ओळखीमुळे.

रात्रीच कपडे, मोजे, शूज, पाण्याची बाटली आणि घड्याळाचं चार्जिंग एका जागी तयार ठेवा. सकाळी घ्यायचा निर्णय एकच उरावा: उठणं. तरीही अंगावर येत असेल तर १० मिनिटांचा नियम वापरा. बाहेर पडा, ५ मिनिटं चाला, ५ मिनिटं अगदी सावकाश धावा आणि मग ठरवा. तेव्हाही नको वाटलं तर परत फिरा, अपराधी वाटून न घेता. या नियमाला अपवाद आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत: ताप, छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, आणि पावलाची ढब बदलावी लागेल असं दुखणं. यात १० मिनिटंही नाहीत. छातीची तक्रार असेल तर धावण्याआधी डॉक्टर.

एखादा दिवस चुकला तर काय? फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही, हा त्यातला दिलासादायक भाग. त्यामुळे चुकलेली धाव दुसऱ्या दिवसाच्या धावेत मिसळू नका. तो मोह फार जणांना होतो आणि दुखापतींची सुरुवात तिथेच होते. तीन-चार दिवस गेले तर वेळापत्रक आहे तिथून पुढे चालू ठेवा. पूर्ण आठवडा गेला तर परतीचा पहिला आठवडा नेहमीच्या ७० टक्क्यांवर ठेवा. दोन आठवडे किंवा जास्त गेले तर वेळापत्रकात दोन-तीन आठवडे मागे या आणि शर्यतीच्या वेळेचं उद्दिष्ट खाली आणा.

मन लागत नाही तेव्हा आधी सराव तपासा

मरगळ आली की लोक प्रेरणादायी भाषणं ऐकायला लागतात. त्याआधी गेल्या तीन आठवड्यांची नोंदवही काढा.

पहिला संशय सावकाश धावांच्या वेगावर घ्या. नवशिक्यांच्या सरावात सर्वांत जास्त दिसणारी चूक ही की "इझी रन" इझी नसतो. प्रत्येक धाव मध्यम-जोराची होते: शर्यतीचा वेग येईल इतकी वेगवान नाही आणि शरीर भरून निघेल इतकी सावकाशही नाही. स्टीफन सायलर यांनी उच्च दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला तेव्हा साधारण ८० टक्के सत्रं हलकी आणि २० टक्के जोराची असं प्रमाण पुन्हा पुन्हा आढळलं. हौशी धावणारे बरोबर उलटं करतात आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्रत्येक धाव ओझं वाटू लागते. कसोटी सोपी आहे: धावता धावता तीन-चार पूर्ण वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा, गरज पडली तर मध्ये चाला. ज्याची १० किलोमीटरची शर्यत ६० मिनिटांत होते, त्याची हलकी धाव किलोमीटरला ७:१५ ते ७:४५ च्या आसपास असायला हवी. हा आकडा बघून अनेकांचा अहंकार दुखावतो. दोन आठवडे धीर धरून पाहा. धाव संपवून घरी येताना आणखी थोडं धावता आलं असतं असं वाटायला लागलं, की दुसऱ्या दिवशीची ओढ आपोआप येते. अंतर, वेग किंवा शूज यांपैकी काहीही बदलण्याआधी हा एक बदल करून बघा.

दुसरा संशय, उसंत नसलेली चढण. लाँग रन (आठवड्यातली सर्वांत लांब धाव) दर आठवड्याला वाढतच गेला तर शरीराला पेलण्यासाठी वेळ मिळत नाही. एका वेळी १.५ ते २ किलोमीटर वाढवा आणि दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात एकूण अंतर २० ते ३० टक्क्यांनी कमी करा. हा हलका आठवडा वेळापत्रकात आधीपासून लिहिलेला असावा. थकल्यावर घेतलेली विश्रांती हार वाटते, आधी ठरवलेली विश्रांती सरावाचाच भाग वाटते. मनासाठी हा फरक फार मोठा आहे.

तिसरा, झोप आणि खाणं. सराव वाढला की दोन्हींची गरज वाढते, पण पहाटे उठण्यासाठी लोक झोपेतूनच वेळ कापतात. गजर ५ चा असेल तर दिवे ९:३० ला बंद व्हायला हवेत, नाहीतर सरावाची वेळच बदला. दीर्घकाळ कमी खाऊन धावलं तर ऊर्जेची तूट साचते: चिडचिड, सतत गारठणं, दुखापती भरून न येणं, स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं. शरीरातलं लोह कमी असेल तर नेहमीच्या वेगालाही दम लागतो आणि माणूस स्वतःला आळशी समजत राहतो. विश्रांती घेऊनही दोन-तीन आठवडे पाय जड राहिले तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्या. स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, जास्तीचं लोह अपायकारक असतं.

चौथा, डोक्याचा थकवा. सॅम्युएल मारकोरा यांच्या २००९ च्या प्रयोगात ९० मिनिटं एकाग्रतेचं काम केल्यानंतर लोकांनी सायकलिंगची चाचणी लवकर सोडली. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत त्याचं कारण सापडलं नाही. त्यांना तेच श्रम जास्त कष्टाचे वाटत होते. यातून आखणीसाठी धडा असा: ज्या दिवशी लांबलचक बैठका, परीक्षा किंवा हिशेबाचं काम असेल त्या संध्याकाळी वेगाचा सराव ठेवू नका. तो सकाळी घ्या किंवा दुसऱ्या दिवशी. अशा संध्याकाळी हलकी धाव मात्र छान लागते, कारण तिच्यात काही ठरवावं लागत नाही.

थकवा आहे की नुसता कंटाळा, हे कसं ओळखायचं? १५ मिनिटं हलकं धावल्यावर अंग मोकळं झालं आणि बरं वाटू लागलं, तर कंटाळा होता. तेवढ्या वेळानंतरही पाय शिशासारखे असतील, सकाळची विश्रांतीतली नाडी तुमच्या नेहमीपेक्षा ५ ते १० ठोक्यांनी जास्त असेल, झोप तुटक असेल, तर थकवा आहे. थकव्यावर उपाय विश्रांतीचाच: दोन-तीन दिवस पूर्ण सुट्टी आणि मग आठवडाभर फक्त हलक्या धावा. कंटाळ्यावर उपाय बदलाचा: नवा रस्ता, उलट दिशा, मातीची पायवाट, घड्याळाशिवाय एक धाव, दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत वेग वाढवायचा फार्टलेक. दोन्हींची गल्लत झाली की नुकसान होतं, कारण थकलेल्या माणसाने स्वतःला आणखी ढकललं तर तो महिनाभर मागे जातो.

आणखी एक शक्यता गांभीर्याने घ्या. धावण्याचीच नव्हे तर कशाचीच गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ वाटत नसेल, तर हा सरावाचा प्रश्न राहत नाही. डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोला.

लाँग रनमधला निराशेचा टप्पा

साधारण दीड तासानंतर "हे सगळं कशासाठी" असे विचार येऊ लागतात. त्यांचा तुमच्या निश्चयाशी संबंध कमी आणि इंधनाशी जास्त असतो. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा मर्यादित असतो. शर्यतीत तो अनेकांचा ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान संपत येतो, आणि तेव्हा पायांबरोबर मनही खचतं. ७५-९० मिनिटांपेक्षा लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या आणि सुरुवात ३०-४० मिनिटांनीच करा. उमेद संपल्यावर घेतलेल्या जेलचा (धावताना खायच्या कर्बोदकांच्या घट्ट पाकाचा) परिणाम व्हायला वेळ लागतो. शर्यतीत जे घेणार तेच सरावात घ्या. पोट नव्या गोष्टीला शर्यतीच्या दिवशीच विरोध करतं.

मनाशी काय बोलायचं तेही आधी ठरवा. २०१४ च्या एका प्रयोगात ज्यांनी दोन आठवडे स्वतःशी बोलण्याची वाक्यं ठरवून वापरली, त्यांचा सायकलवरच्या चाचणीतला टिकण्याचा वेळ सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. वाक्यं छोटी, स्वतःच्या बोलीतली आणि टप्प्यानुसार वेगळी असावीत. पहिल्या भागासाठी आवरणारं वाक्य: "सावकाश, अजून खूप आहे." मधल्या भागासाठी शरीराकडे नेणारं: "खांदे सैल, पाऊल हलकं." शेवटासाठी ढकलणारं: "पुढच्या वळणापर्यंत चल." दोन-तीन लाँग रनमध्ये मोठ्याने म्हणून पाहा. खोटं वाटेल ते वाक्य काढून टाका. "मला काहीच दुखत नाहीये" असलं वाक्य दुखत असताना कधीच चालत नाही.

अंतराचेही तुकडे करा. २८ किलोमीटर म्हणजे ७ किलोमीटरची एक फेरी चार वेळा. फेरी घरावरून जात असेल तर तिसऱ्या वेळी दार खुणावतं, तेव्हा शक्यतो जाऊन परत येण्याचा रस्ता निवडा. १४ किलोमीटर दूर गेलेल्याला घरी यावंच लागतं. कुणालातरी रस्ता आणि परतायची वेळ सांगून जा.

नोंद, साखळी आणि तुलना

नोंदवहीत प्रत्येक धावेनंतर चार गोष्टी लिहा: अंतर किंवा वेळ, श्रम १० पैकी किती वाटले, झोप किती तास, आणि एक ओळ मनाची. इतकंच. यापेक्षा जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात लिहिणं थांबतं. दर ४ आठवड्यांनी एक तपासणी धाव करा: तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ, ५ किलोमीटर, हृदयाचे ठोके एका ठरलेल्या मर्यादेत. त्याच ठोक्यांवर वेळ २०-३० सेकंदांनी कमी झालेली दिसली की जो हुरूप येतो तो बाहेरून कुणी देऊ शकत नाही. उन्हाळ्यात ही तुलना फसवी ठरते, कारण उष्णतेने ठोके वाढतात. तापमानही लिहून ठेवा.

रोज न चुकता धावण्याची साखळी काहींना फार भावते. ब्रिटिश मॅरेथॉनपटू रॉन हिल यांनी १९६४ पासून २०१७ पर्यंत, ५२ वर्षांहून अधिक काळ, रोज धाव घेतली. थक्क करणारी गोष्ट आहे, पण शर्यतीच्या सरावासाठी अनुकरणीय नव्हे. साखळी तुटू नये म्हणून लोक दुखऱ्या पोटरीवर धावतात. त्यापेक्षा आठवड्यांची साखळी मोजा: "सलग ९ आठवडे, प्रत्येकी किमान ३ धावा." तिच्यात विश्रांतीला जागा असते.

ॲपवर इतरांचे आकडे बघून पेटून उठणारे थोडे आणि खचणारे बरेच. धावेनंतर दुसऱ्याचं बघितल्यावर आपली धाव फिकी वाटत असेल, तर सरावाचे महिने ती यादी बंद ठेवा.

माणसं

सगळीकडे जाहीर करण्यापेक्षा दोन जणांना सांगा, पण नेमकं सांगा. एक असा जो आठवड्यातून एकदा "चारपैकी किती झाल्या?" विचारेल, आणि एक जो लाँग रनला सोबत येईल, धावत किंवा सायकलवर. सोबतीचा वेग तुमच्यापेक्षा फार जास्त नसावा, नाहीतर हलकी धाव पुन्हा शर्यत होते. गटात हाच धोका असतो, म्हणून गटातली एक धाव आणि बाकीच्या एकट्याने हे प्रमाण बहुतेकांना मानवतं.

घरच्यांशी वेळेचा हिशेब सराव सुरू होण्याआधी करा. सर्वांत जास्त अंतराच्या आठवड्यांत ५ ते ७ तास धावण्यात जातात, शिवाय लाँग रनच्या दिवशी दुपारची झोप आणि सुस्ती. ते कोणते आठवडे आहेत ते दिनदर्शिकेवर दाखवा आणि त्या दिवसांत तुमची कोणती कामं कोण उचलेल, बदल्यात तुम्ही काय उचलाल, हे ठरवा. घरातली रोजची कुरबुर जितकी उमेद खाते तितका पाऊसही खात नाही.

शेवटचे आठवडे, आणि त्यानंतर

शर्यतीच्या २-३ आठवडे आधी टेपर सुरू होतो. एकूण अंतर टप्प्याटप्प्याने ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतं, थोडा वेग तसाच राहतो. याच काळात मन विचित्र वागतं: नसलेली दुखणी जाणवतात, सराव अपुरा वाटतो, एक शेवटची लांब धाव घ्यावीशी वाटते. ती घेऊ नका. या आठवड्यांतल्या कष्टाचा फायदा शर्यतीपर्यंत पोहोचत नाही, थकवा मात्र पोहोचतो. रिकाम्या वेळात नोंदवही पहिल्या पानापासून वाचा आणि शर्यतीचं पेस-नियोजन, खाणं, कपडे कागदावर पक्के करा.

शर्यतीनंतर आठवडा-दोन आठवडे उदास वाटणं खूप जणांना होतं. चार महिने दिवसाला आकार देणारी गोष्ट अचानक नाहीशी झालेली असते. त्या पंधरा दिवसांसाठी धावण्याशी संबंध नसलेलं काहीतरी आधीच ठरवून ठेवा आणि पुढच्या शर्यतीची नोंदणी दोन आठवडे टाळा.

आणि मधेच सोडावंसं वाटलं तर? सोडणं किंवा पुढच्या वर्षीवर ढकलणं हा वैध पर्याय आहे. फक्त तो निर्णय धावता धावता, उपाशीपोटी किंवा अपुऱ्या झोपेवर घेऊ नका. दोन दिवस सुट्टी घ्या, दोन्ही रात्री नीट झोपा, एक २० मिनिटांची हलकी धाव घ्या आणि कागदावरचं वाक्य वाचा. कारण अजून खरं वाटत असेल पण अंतर झेपत नसेल, तर आयोजकांकडे पूर्ण ऐवजी हाफमध्ये बदल करता येतो का ते विचारा. अनेक शर्यतींत त्याची अंतिम तारीख शर्यतीच्या काही आठवडे आधीच असते, तेव्हा नोंदणीच्या दिवशीच ती दिनदर्शिकेवर टिपून ठेवा. कारणच खरं वाटत नसेल तर ही शर्यत सोडा, आठवड्याला दोन हलक्या धावा चालू ठेवा आणि महिनाभराने तोच प्रश्न नव्या कागदावर लिहा.